पाटील अडले, कदम गेले

(सांगलीतल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय 'पायथनमधली रेग्युलर एक्स्प्रेशन्स आणि त्यांचा वेग'. पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा, आणि ही एक्स्प्रेशन्स म्हणजे मजकुरात काय शोधायचं ते खुणांनी सांगणारे नमुने. वेगाकडे येतोच. तुम्ही सगळे लॉग चाळणारे, याद्या साफ करणारे लोक; तारा (*) म्हणजे आधीची खूण शून्य किंवा कितीही वेळा न् अधिक (+) म्हणजे निदान एकदा, हे सांगत बसत नाही. पण आधी एक जुनं दुखणं मोकळं करू द्या.

एका ऑनलाइन अर्जात आडनाव मराठीत भरायचं होतं. मी 'पाटील' लिहिलं. लाल अक्षरांत उत्तर आलं: नावात फक्त अक्षरं लिहा. आता सांगली जिल्ह्यात पाटील चालणार नसतील तर अर्ज भरायचे कुणी? (हशा) कीबोर्ड बदलला, पुन्हा लिहिलं, तेच. मग शेजारचे कदम बसले आणि त्यांचं एका झटक्यात पुढं सरकलं. खिडकीतला पोरगा म्हणाला, "साहेब, इंग्रजीत टाका की." त्याला जेवायला जायचं होतं. पण पाटील अडले आणि कदम गेले म्हटल्यावर मला रोग कळला. कदमांना काना नाही, वेलांटी नाही!

नमुन्यात बॅकस्लॅश डब्ल्यू (\w) म्हणजे शब्दातलं अक्षर, असं आपण शिकतो. पायथनसोबत येणारं, नमुने जुळवणारं आरई (re) मॉड्यूल मात्र अक्षर, अंक आणि अंडरस्कोर एवढ्यांनाच आत घेतं. काना, वेलांटी, अनुस्वार, हलन्त यांना युनिकोडनं, म्हणजे लिप्यांतल्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या मानकानं, वेगळ्या, चिन्हांच्या वर्गात बसवलंय, म्हणून ते बाहेर. घरी येऊन मी आपले दहाही तालुके त्यातून काढले. मिरजेचं 'म' आणि 'रज' झालं. पलूसचं 'पल' आणि 'स'. खुद्द सांगलीचं 'स' आणि 'गल'. अख्ख्या जिल्ह्यात धडपणे पार पडलं ते एकटं जत! पाण्यासाठी जन्मभर भांडलेल्या तालुक्याला कुठंतरी पहिला नंबर मिळाला. (टाळ्या) साताऱ्याच्या पाहुण्यांनी हसू नये, तुमचं 'स', 'त', 'र' होतं.

आणि गंमत बघा, अंकाची खूण बॅकस्लॅश डी (\d) आपले १, २, ३ बिनतक्रार ओळखतं. आकडे चालतात, वेलांटी चालत नाही. पर्ल या दुसऱ्या भाषेत हा घोळ नाही. तिथं तीच डब्ल्यूची खूण काना-मात्रेसकट शब्द उचलते. पायथनवाल्यांनी रेजेक्स नावाचं वेगळं मॉड्यूल बसवावं, किंवा युनिकोडमधला देवनागरीचा १२८ जागांचा पट्टाच चौकोनी कंसात द्यावा. फक्त त्या पट्ट्यात दंड आणि आकडेही येतात, ते विसरू नका.

हा पडद्यावरचा नमुना बघा: कवठे ?महा?ंकाळ. गाव एक, पण याद्यांत कुणी जोडून लिहितं, कुणी तोडून, कुणी काना खातं. प्रश्नचिन्ह म्हणजे आधीचं चिन्ह किंवा मोकळी जागा असली तर असली, नसली तरी चालेल; म्हणून हा सगळ्यांना पकडतो. प्रश्नचिन्हानंतरचा अनुस्वार पोरका होऊन तुटक वर्तुळावर बसलाय, त्याला घाबरू नका. तो छपाईचा दोष नाही.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बरं, वेग.

एका ओळीत "विटा" आणि "तासगाव" अशी दोन नावं अवतरणात असतील, तर ".*" पहिल्या अवतरणापासून शेवटच्यापर्यंत सगळं गिळतं, कारण ठिपका म्हणजे कोणतंही अक्षर. ".*?" लिहिलंत की थोडक्यात थांबतं. माझं मत विचाराल तर "[^"]*" लिहा, म्हणजे अवतरणचिन्ह सोडून काहीही; हेतू स्पष्ट दिसतो.

दुसरं, (क+)+$ असला नमुना लिहू नका; $ म्हणजे मजकुराचा शेवट. तीस 'क' आणि शेवटी एक उद्गारचिन्ह द्या. ते 'क' गटांत वाटायच्या त्रेपन्न कोटींवर तऱ्हा होतात, आणि जुळत नाही म्हणून पायथन मागं फिरून फिरून त्या तपासत बसतं. २ जुलै २०१९ ला संकेतस्थळांना सेवा पुरवणाऱ्या क्लाउडफ्लेअर कंपनीची सेवा जगभर सत्तावीस मिनिटं कोलमडली, ती अशाच एका नमुन्यानं. संगणकशास्त्रज्ञ केन थॉम्पसन यांनी १९६८ मध्येच सगळ्या शक्यता एकदम पुढं न्यायची रीत छापली होती, तिच्यात मागं फिरणंच नाही. पायथन ती वापरत नाही. पायथन ३.११ पासून ++ लिहून मागं फिरणं बंद करता येतं, पण या उदाहरणात त्याचीही गरज नाही. कंस आणि बाहेरचा अधिक काढा, क+$ तेच काम करतं.