कापड तुडवणाऱ्यांचं आडनाव : वॉकर

(दृश्य : लाकडी कुंड. पोटऱ्यांपर्यंत भिजलेले दोन पाय.)

हे पाय बघा. सकाळपासून चालतायत, पण जागचे हललेले नाहीत. पायाखाली ओलं लोकरी कापड आहे. आणि कुंडात नुसतं पाणी नाही, घरोघरून गोळा करून मुद्दाम शिळं होऊ दिलेलं मूत्र आहे. त्यातल्या अमोनियाने लोकरीचा तेलकटपणा सुटतो. वास असा, की नवख्या माणसाच्या डोळ्यांतून पाणी यावं. मध्ययुगात उत्तर इंग्लंडच्या यॉर्कशायरमध्ये हे काम करणाऱ्याला म्हणायचे वॉकर.

आज इंग्लंडमध्ये सर्वाधिक आढळणाऱ्या पहिल्या २० आडनावांत वॉकर आहे. ऐकणाऱ्याला वाटतं, चालणारा, पायी भटकणारा कुणीतरी पूर्वज असेल. तसं नाही. जुन्या इंग्रजीत 'वेअल्कन' म्हणजे घोळणं, लोळवणं. त्यावरून 'वेअल्केरे', म्हणजे कापड तुडवून घट्ट करणारा. 'वॉक' म्हणजे चालणं, हा अर्थ पुढे रुळला. हे आडनाव मराठीत घडलं असतं, तर बहुधा 'तुडवे' झालं असतं.

कापड तुडवायचं कशाला? मागावरून उतरलेलं लोकरी कापड विरविरीत असतं, वारा आरपार जातो. तुडवलं की तंतू एकमेकांत गुंततात, कापड आटतं, जाड होतं, पाऊस-थंडीला दाद देत नाही. आपल्याकडे विणलेल्या घोंगडीला चिंचोक्याची खळ देतात, तेव्हा तिच्यात जीव येतो. तिकडे तो माणसाच्या टाचांनी यायचा.

आणि एक माती लागायची, तेल शोषून घेणारी. ती आपल्या अगदी ओळखीची आहे. आपण तिला मुलतानी माती म्हणतो आणि चेहऱ्याला लावतो. इंग्रजीत तिचं नाव आहे 'फुलर्स अर्थ', फुलरची माती. हा फुलर म्हणजे दुसरातिसरा कुणी नसून तोच, कापड तुडवणारा.

(दृश्य : इंग्लंडचा नकाशा.)

धंदा एक, आडनावं तीन. उत्तरेत आणि मध्य इंग्लंडमध्ये तो वॉकर. आग्नेयेला फुलर, हा शब्द लॅटिन 'फुलो'वरून आला. रोमन लोकही कापड असंच तुडवत, पाँपेई या त्यांच्या शहरातल्या भिंतीवरच्या चित्रांत ते कुंडात उभे दिसतात. आणि नैर्ऋत्येला, डेव्हन-सॉमरसेटकडे, तो टकर. जुन्या इंग्रजीत 'टुकियन' म्हणजे छळणं. कापडाचे हाल करणारा तो टकर! मला या तिघांत हाच शब्द सगळ्यात बोलका वाटतो.

१८९० मध्ये हेन्री गपी या ब्रिटिश अभ्यासकाने आडनावांचा भूगोल मांडला. त्यासाठी त्याने शेतकऱ्यांची नावं धरली, कारण जमीन कसणारा माणूस सहसा गाव सोडत नाही. एका गावची बोली कुठे संपते आणि दुसरी कुठे सुरू होते, हे आडनावांत शेकडो वर्षं टिकून राहतं.

ही नावं चिकटली कधी? १०६६ मध्ये फ्रान्सच्या उत्तरेकडून नॉर्मन आले, त्यांनी इंग्लंड जिंकलं आणि हळूहळू जुनी इंग्रजी नावं मागे पडली. जिकडेतिकडे जॉन, विल्यम आणि रॉबर्ट. एका गावात पाच-सहा जॉन असले की कोणता जॉन, हे सांगावंच लागतं. टेकडीजवळचा जॉन, रॉबर्टचा जॉन, कापड तुडवणारा जॉन. १३७७, १३७९ आणि १३८१ मध्ये डोईपट्टी वसूल झाली, तेव्हाच्या याद्यांत अशी नावं ओळीने सापडतात. साधारण याच काळात बापाचं आडनाव मुलाला लागू झालं; मुलगा तो धंदा करो वा न करो. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवायला हवी. सगळ्या वॉकरांचा मूळ पुरुष एक नाही. गावोगावी स्वतंत्र वॉकर झाले. काहींचं आडनाव तर न्यूकॅसलजवळच्या वॉकर या गावावरूनही आलं असेल.

(दृश्य : ओढा, पाणचक्की. लाकडी हातोड्यांचा ठोका.)

गंमत अशी, की आडनावं पक्की होण्याआधीच हे पाय थांबायला लागले होते. ११८५ मध्ये टेंपलर या धर्मयोद्ध्यांच्या पंथाच्या इंग्लंडमधल्या इस्टेटींची मोजदाद झाली, तिच्यात कापड कुटणाऱ्या पाणचक्क्यांची नोंद आहे. ओढ्याच्या पाण्यावर चाक फिरायचं आणि अवजड हातोडे आळीपाळीने कापडावर पडायचे. वेल्समध्ये अशा गिरणीला 'पँडी' म्हणत. टोनीपँडी गावाच्या नावात ती अजून आहे. चक्की चालवणारा पाय लावत नव्हता, तरी लोक त्याला वॉकरच म्हणत राहिले.

कुटून झालं की ओलं कापड उघड्या माळावर लाकडी चौकटींवर ताणायचं, वाळताना सुरकुतू नये म्हणून कडेकडेने आकड्यांत अडकवायचं. हे आकडे म्हणजे टेंटरहुक. इंग्रजीत कुणी काळजीने अस्वस्थ असेल, तर तो 'टेंटरहुकवर' आहे म्हणतात. आपला जीव टांगणीला लागतो, त्यांचा या आकड्यांना.

पुढे हे नाव समुद्रापार गेलं, नेहमी सुखाने नाही. अमेरिकेत गुलाम केलेल्या अनेक आफ्रिकी माणसांच्या वाट्याला मालकांची इंग्रजी आडनावं आली. गुलामीतून सुटलेल्या आईबापांच्या पोटी १८६७ मध्ये जन्मलेल्या सारा ब्रीडलव्ह यांनी १९०६ मध्ये चार्ल्स जोसेफ वॉकर यांच्याशी लग्न केलं. केसांच्या प्रसाधनांचा मोठा व्यवसाय त्यांनी उभा केला, तो मादाम सी. जे. वॉकर या नावाने. यॉर्कशायरच्या कुंडाशी त्यांचा काडीचाही संबंध नव्हता.

(दृश्य : एक्झिटर शहर. दगडी इमारत, आत लाकडी छत.)

एक्झिटरची ही इमारत १४७१ ची. विणकर, तुडवणारे आणि कापडाची लव कातरणारे यांच्या संघाने ती बांधली. आधी इथे त्यांचं प्रार्थनास्थळ होतं, नंतर सभागृह झालं. संघ अजून इथेच भरतो. शहरात कुणी कापड तुडवत नाही, पण पत्ता विचारलात तर लोक जुनंच नाव सांगतील : टकर्स हॉल.