पाऊस थांबायची वाट बघू नका

[दृश्य: सकाळचा वॉटरफ्रंट. पाण्यावर धुकं. दूरवर जहाजाचा भोंगा.]

या चित्रात एक डोंगररांग आहे. दिसतेय? मलाही नाही दिसत. पण पाण्यापलीकडे जो करडा पडदा आहे ना, त्याच्यामागे हजार-चौदाशे मीटरचे डोंगर उभे आहेत. कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये दिशा सांगायची पद्धत सोपी: डोंगर जिकडे, तिकडे उत्तर. नवखा माणूसही दोन दिवसांत शिकतो. फक्त नोव्हेंबर ते मार्च उत्तर दिशाच गायब असते.

मी इथे अकरा वर्षं राहते. नातेवाईक विचारतात, "कधी येऊ?" मी सांगते, जुलै-ऑगस्टात या. उजेड रात्री नऊपर्यंत असतो, पाऊस जवळजवळ नसतो. पण तेव्हा हॉटेलं महाग, विमान महाग, आणि गेल्या काही वर्षांत मधूनच जंगलांच्या वणव्याचा धूर येऊन बसतो. नाहीतर एप्रिलच्या सुरुवातीला या, रस्तोरस्ती चेरी फुललेली असते.

माझी आत्या नोव्हेंबरात आली. तिकीट तेव्हा स्वस्त होतं.

[दृश्य: विमानतळाचं दार. काचेवर थेंब.]

आत्या देवरुखची. शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेली, सदुसष्ट पावसाळे अंगावर घेतलेली. विमानतळाबाहेर आली, तळहात पुढे केला, आणि म्हणाली, "अगं, याला पाऊस म्हणता तुम्ही? ही तर भुरभुर."

हिशेब तिच्या बाजूने आहे. इथल्या विमानतळावर वर्षाला साधारण 1200 मिलिमीटर पाऊस मोजतात. म्हणजे मुंबईच्या निम्माच. पण मुंबईचा पाऊस चार महिन्यांत काम उरकतो, आणि इथला सरकारी फायलीसारखा रेंगाळत वर्षाचे दीडशेहून जास्त दिवस खातो. शिवाय तो सगळीकडे सारखा नाही. वाईहून पसरणीचा घाट चढताना पाऊस कसा वाढत जातो, तसाच इथे समुद्राकडून डोंगराकडे जाताना वाढतो. समुद्रावरचे ढग डोंगराला अडतात आणि तिथेच रिकामे होतात. त्यामुळे विमानतळावर नुसतं ओलं असेल, तर त्याच वेळी नॉर्थ व्हँकुव्हरमध्ये पन्हाळी वाहत असतात.

पहिली सूचना त्यामुळे कपड्यांची. टोपीचं जलरोधक जाकीट आणि पाणी न शिरणारे बूट आणा. छत्री आणलीत तरी चालेल, पण छत्री उघडली की तुम्ही पाहुणे आहात हे लांबून कळतं. आणि दुसरी सूचना: पाऊस थांबल्यावर निघू, असं म्हणत खिडकीत बसू नका. सुट्टी संपेल.

[दृश्य: कॅनडा लाइनचा पुढचा डबा. रूळ समोरून धावत येतात.]

विमानतळावरून टॅक्सी करू नका. कॅनडा लाइन ही मेट्रो 2009 साली सुरू झाली. विमानतळावरून निघताना तिकिटावर पाच डॉलर जादा लागतात, ते सोसा. पंचवीस-सव्वीस मिनिटांत तुम्ही शहराच्या मध्यावर असता. बँकेचं कार्ड दारावर टेकवलं की काम झालं. उतरल्यावर पुन्हा टेकवायचं, हे विसरू नका. एका तिकिटावर दीड तास गाड्या, बसगाड्या बदलता येतात.

पहिल्या डब्यात अगदी पुढची जागा मिळाली तर सोडू नका. समोर नुसती काच. आत्या बसली, इकडेतिकडे बघितलं आणि माझा हात धरला. "ड्रायव्हर कुठाय?"

"नाही आहे."

"म्हणजे चहाला गेलाय?"

या गाड्यांना चालकच नसतो, हे तिला पटायला तीन स्टेशनं गेली.

[दृश्य: वॉटरफ्रंट स्टेशन. उंच खांब, भिंतींवर डोंगरांची चित्रं.]

शेवटचं स्टेशन वॉटरफ्रंट. घाईघाईने बाहेर पडू नका, मान वर करा. कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेची ही इमारत 1914 सालची. भिंतींच्या वरच्या कडेने रॉकी पर्वताची चित्रं रंगवलेली आहेत. शहर रेल्वेनेच घडवलं. 1886 मध्ये नगरपालिका झाली, त्याच वर्षी जूनमध्ये आगीत सगळं गाव जळालं, आणि 23 मे 1887 रोजी देशाच्या पूर्व भागातून निघालेली पहिली प्रवासी गाडी इथे पोचली. ही तारीख लक्षात ठेवा. थोड्या वेळाने पुन्हा येणार आहे.

याच इमारतीतून सीबस सुटते. नाव बस, प्रत्यक्षात बोट. 1977 पासून ती बुरार्ड खाडी ओलांडतेय, बारा मिनिटांत. खाडीत फिरवून आणणाऱ्या बोटी भरपूर पैसे घेतात. सीबस तेच पाणी, तेच शहर, मेट्रोच्या तिकिटात दाखवते. संध्याकाळी साडेसहानंतर आणि शनिवार-रविवारी तर भाड्याच्या झोनचा फरकही लागत नाही.

[दृश्य: सीबसच्या काचेतून पलीकडचा किनारा. पिवळाधमक ढीग.]

पलीकडे सिंहद्वार पुलाच्या बाजूला, लायन्स गेट ब्रिज म्हणतात त्याला, बंदरावर एक पिवळाधमक ढीग दिसतो. अख्ख्या करड्या दिवसात तेवढाच रंग. आत्याने चष्मा पुसला. "एवढी हळद? सांगलीच्या बाजारात नाही बघितली एवढी."

तो गंधक आहे. अल्बर्टा प्रांतातला नैसर्गिक वायू शुद्ध करताना निघतो, रेल्वेने इथे येतो आणि जहाजांतून परदेशी जातो. कुठल्याही पर्यटन पुस्तिकेत हा ढीग नाही. मला मात्र तो या शहराचा सगळ्यात खरा फोटो वाटतो: मागे जंगल, पुढे समुद्र, आणि मध्ये विकायला ठेवलेला माल.

[दृश्य: लिन कॅनियन. झुलता पूल, खाली हिरवंगार पाणी.]

उतरल्यावर धक्क्यावरूनच लिन व्हॅलीकडे बस जाते. झुलता पूल म्हटलं की सगळे कॅपिलानोला धावतात. तो मोठा आहे खरा, 140 मीटर लांब, पण तिकीट ऐकून आत्याने मनातल्या मनात रुपये केले आणि गप्प झाली. लिन कॅनियनचा पूल लहान आहे, 1912 पासून आहे, आणि फुकट आहे. हलतो मात्र पुरेसा.

पुलापेक्षा तिथली खोडं बघा. शंभरेक वर्षांपूर्वी हे जंगल तोडलं. आज दिसणारी झाडं नंतरची. जुन्या सीडर वृक्षांची बुंधी अजून उभी आहेत, चार माणसांनी हात धरले तरी कवेत न येणारी. प्रत्येक बुंध्यात माणसाच्या उंचीला दोन खाचा. लाकूडतोडे त्या खाचांत फळ्या अडकवून, फळीवर उभे राहून करवत चालवायचे, कारण खाली बुंधा फार रुंद. त्या खाचा डोळ्यांसारख्या दिसतात. आणि बुंध्याच्या डोक्यावर नवं झाड रुजलेलं असतं, मुळं खाली सोडून. आत्याने खाचेत हात घातला. आत शेवाळ होतं, गार आणि मऊ. ओढ्यात मात्र उतरू नका. पाणी बर्फासारखं आणि ओढ जबर. दरवर्षी कुणी ना कुणी फसतं.

ग्राउस पर्वताची चढण इथून जवळच. अडीच किलोमीटरच्या वाटेत आठशे मीटर चढायचं. सिंहगडावर दर रविवारी जाणाऱ्यांना जमेल, पण वर पिठलं-भाकरी नाही, आणि उतरताना तिकीट काढून तारेवरच्या पाळण्यातून यायचं असतं. बर्फ पडला की वाट बंद. आम्ही गेलो नाही.

[दृश्य: कोल हार्बर. पाण्याकाठची स्मृतिभिंत. एक हात नावांवरून फिरतो.]

दुसऱ्या दिवशी मी तिला समुद्रभिंतीवर नेणार होते. स्टॅनली पार्कला वळसा घालणारी ही नऊएक किलोमीटरची पायवाट. सुरुवात 1917 मध्ये झाली, वळसा पुरा व्हायला 1980 उजाडलं. पण पार्कात शिरण्याआधीच, कोल हार्बरच्या काठावर, आत्या थांबली. तिथे कोमागाता मारूचं स्मारक आहे.

23 मे 1914. पहिली रेल्वे पोचली त्याच तारखेला, सत्तावीस वर्षांनी, याच खाडीत एक जहाज नांगर टाकून उभं राहिलं. 376 प्रवासी, बहुतेक पंजाबी शीख, सगळे ब्रिटिश साम्राज्याचे प्रजाजन. कॅनडाचा नियम होता की मायदेशातून न थांबता सलग प्रवास करून आलेल्यालाच प्रवेश. भारतातून तसं जहाजच येत नव्हतं. नियम बनवणाऱ्यांना ते ठाऊक होतं. दोन महिने जहाज किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर उभं होतं. अन्न संपलं, पाणी संपलं. जेमतेम 24 जणांना उतरू दिलं. 23 जुलैला आरमारी जहाजाच्या धाकाने बाकीच्यांना परत धाडलं. कलकत्त्याजवळ बजबज इथे सप्टेंबरअखेर ते पोचले, तेव्हा पोलिसांनी गोळीबार केला आणि सुमारे वीस जण मेले. कॅनडाच्या पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली, ती 2016 मध्ये.

मी हे सांगत होते आणि आत्या ऐकत नव्हती. भिंतीवरची नावं वाचत होती, विद्यार्थ्यांची हजेरी घ्यावी तशी, ओठ हलवत. मग म्हणाली, "याच रागातून गदरवाल्यांना माणसं मिळाली. आपले पिंगळे त्यांच्यातलेच."

विष्णू गणेश पिंगळे. पुणे जिल्ह्यातल्या तळेगाव ढमढेरेचे. इथून तीन-चार तासांवरच्या सिॲटलला शिकायला आले होते, परदेशातल्या भारतीयांच्या क्रांतिकारी गदर चळवळीत गेले, बंडासाठी भारतात परतले. 16 नोव्हेंबर 1915 रोजी लाहोरला फाशी.

"याच महिन्यात," आत्या म्हणाली. अकरा वर्षांत मी त्या भिंतीवरून शंभर वेळा गेले असेन. पळायला.

[दृश्य: समुद्रभिंत. सायकली एकाच दिशेने जातात.]

पार्कात सायकल घेणार असाल तर डेनमन रस्त्यावर भाड्याने मिळतात. सायकल एकाच दिशेने, घड्याळाच्या उलट. चालणाऱ्यांनी आपल्या पट्ट्यात राहायचं. ब्रॉक्टन पॉइंटचे रंगीत टोटेम खांब, म्हणजे मूळनिवासींचे कोरीव लाकडी खांब, बघाच, पण त्यातले बरेचसे उत्तरेकडच्या किनाऱ्यावरच्या परंपरेतले आहेत हे माहीत असू द्या. हे शहर ज्यांच्या जमिनीवर आहे ते मस्क्वियम, स्क्वॉमिश आणि स्लेवाटूथ हे मूळनिवासी लोक. त्यांनी ही जमीन कुठलाही करार करून दिलेली नाही. पार्क व्हायच्या आधी इथे त्यांची गावं होती.

खांबांची गोष्ट समजून घ्यायची तर विद्यापीठातलं मानववंश संग्रहालय गाठा. हायडा या मूळनिवासी समाजाचे शिल्पकार बिल रीड यांचं पिवळ्या सीडरमधलं शिल्प तिथे आहे: मोठ्ठा कावळा, पंखाखाली शिंपला, आणि शिंपल्यातून डोकावणारी पहिलीवहिली माणसं, काही बाहेर यायला घाबरलेली. आत्या त्याच्याभोवती तीनदा फिरली. संग्रहालयाजवळून समुद्राकडे उतरणाऱ्या पायवाटा आहेत. वडीलधारी मंडळी बरोबर असतील तर उन्हाळ्यात त्या उतरू नका. खाली रेक बीच आहे, आणि तिथे कपडे ऐच्छिक आहेत.

[दृश्य: ग्रॅनव्हिल आयलंड. पुलाखालचा बाजार. सीगल.]

ग्रॅनव्हिल आयलंडला सगळेच जातात, तुम्हीही जा. पुलाखालच्या जुन्या कारखान्यांत 1979 पासून बाजार भरतो, आणि एक काँक्रीटचा कारखाना अजून तिथेच चालू आहे. गोडसर धुरी दिलेला सॅमन घ्या. शाकाहारी असाल तर बेरी घ्या. बाहेर बाकावर बसलात तर सीगलवर डोळा ठेवा. माझ्या हातातला सँडविचचा अर्धा तुकडा आत्याच्या देखत गेला. "कावळ्यांपेक्षा वाईट," ती म्हणाली, "पिंडाचीसुद्धा वाट बघणार नाहीत." आणि हो, पाटीवरची किंमत अंतिम नसते. बऱ्याच वस्तूंवर बारा टक्के कर वर लागतो, हॉटेलात जेवलात तर टिप वेगळी.

गॅसटाउनचं वाफेचं घड्याळ दर पाव तासाला शिट्टी मारतं. जुनं वाटतं, आहे 1977 सालचं. पाच मिनिटं पुरे. तिथून चायनाटाउनला जाताना हेस्टिंग्ज रस्ता लागतो. फुटपाथवर राहणारी, व्यसनाने पोखरलेली माणसं दिसतील. तुम्हाला सहसा कुणी त्रास देत नाही. तुम्हीही कॅमेरा खिशात ठेवा. आम्हीही ठेवला, म्हणून इथे दृश्य नाही.

रॉस रस्त्यावरच्या गुरुद्वारात मात्र जेवा. इमारत 1970 ची, वास्तुरचनाकार आर्थर एरिक्सन यांची. मघाचं संग्रहालयही त्यांचंच. लंगरात आत्याने दोन दिवसांत पहिल्यांदा पोटभर खाल्लं आणि भांडी विसळायला बसली.

[दृश्य: बाल्कनी. सकाळ.]

पाच दिवस असे गेले. सहाव्या दिवशी सकाळी मी चहा ठेवत होते आणि बाल्कनीतून हाक आली. आत्या शाल गुंडाळून उभी होती. ढग वर गेले होते. रस्त्याच्या टोकाला, घरांच्या छपरांवर, ताज्या बर्फाची अख्खी रांग, एवढी जवळ की हात लावावा.

"अगं, हे कालपर्यंत होतं कुठे?"

"इथेच."

"मग ती उत्तर," ती म्हणाली, आणि खुर्ची उचलून तिचं तोंड तिकडे केलं. दुपारी दोनला ढग परत आले, डोंगर गेले. खुर्ची तिने हलवली नाही.

[दृश्य: करडा पडदा. पावसाचा आवाज.]