कंपनीचं कुंपण कुठे संपतं?

(बडोद्यातल्या मराठी श्रोत्यांसमोर झालेल्या व्याख्यानाचा संपादित अंश)

मंडळी, येताना काळ्या घोड्याजवळच्या पुलावर जरा थांबलो होतो. जुनी सवय. खाली विश्वामित्रीच्या काठावर एक मगर ऊन खात पडली होती. बाहेरगावचा पाहुणा असता तर किंचाळला असता. आपण बडोदेकर फार तर "आज मोठी दिसतेय" म्हणतो आणि स्कूटर पुढे काढतो.

ही मगर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे थेट वाघाच्या पंगतीत. तिची नदी मात्र अभयारण्य नाही. मोठ्या कंपन्या निसर्गाबद्दल जे लिहून देतात, त्यातली मेख इथेच आहे.

शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीनं बाजारमूल्यानुसार पहिल्या हजार सूचिबद्ध कंपन्यांना २०२२-२३ पासून एक अहवाल सक्तीचा केला. बीआरएसआर म्हणतात त्याला, म्हणजे व्यवसायाची जबाबदारी आणि शाश्वतता यांचा अहवाल. त्यात विचारलंय, तुमचं कामकाज अभयारण्य, पाणथळ जागा, किनारपट्टी नियमन क्षेत्र असल्या ठिकाणी किंवा आसपास आहे का? असेल तर परवानग्यांच्या अटी पाळल्या का? हे सांगणं सक्तीचं. मग तिथल्या जैवविविधतेवर तुमच्यामुळे परिणाम काय झाला? हे ऐच्छिक! परवान्याचा कागद दाखवावाच लागतो, मेलेलं पाखरू दाखवलंत तर तुमचे उपकार.

निवृत्तीआधी मीही असे रकाने भरले आहेत. "लागू नाही" असं लिहायचो. खोटं नव्हतं हो ते. कारखान्याच्या फाटकापासून जंगल लांब होतं.

आता गिधाडांचं बघा. औषधउद्योग आपल्या गावाला नवा नाही, अ‍ॅलेंबिक इथे १९०७ साली सुरू झाली. त्यामुळे हे उदाहरण तुम्हाला लगेच कळेल. डायक्लोफेनॅक, तुमच्याआमच्या गुडघेदुखीचं औषध. नव्वदच्या दशकात ते जनावरांसाठी स्वस्तात मिळायला लागलं. दुखणाऱ्या बैलाला टोचलं, बैलाला आराम पडला. पण औषध दिल्यावर थोड्या दिवसांत जनावर मेलं तर ते मांसात उरायचं, आणि ते मांस खाल्लेल्या गिधाडाची मूत्रपिंडं निकामी व्हायची. आतल्या अवयवांवर युरिक आम्लाचा पांढरा थर साचायचा. कारण पक्कं झालं २००४ साली. तोवर पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची धूळधाण झाली होती. १९९२ ते २००७ या काळात भारतात त्यांची संख्या ९९ टक्क्यांहून जास्त घटली.

यात जंगल कुठे तोडलं? सांडपाणी कुठे सोडलं? कारखाना आरशासारखा लख्ख असेल, आवारात गुलमोहरही लावले असतील. घात झाला तो बाटलीतून, शेकडो किलोमीटर दूर, कुठल्या तरी गावाच्या ढोरफोडीवर.

२००६ मध्ये जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी आली. मग माणसांसाठीच्या मोठ्या, अनेक मात्रांच्या बाटल्या गोठ्यात पोचू लागल्या. २०१५ मध्ये सरकारनं माणसांसाठीचं इंजेक्शन एका मात्रेपुरतं, तीन मिलिलिटरचं केलं, तेव्हा दोन कंपन्या मद्रास उच्च न्यायालयात गेल्या. २०१७ मध्ये हरल्या. निसर्गाबद्दल कंपनीचं खरं मत वाचायचं असेल तर ते असल्या अर्जांत वाचावं. चकचकीत अहवालांत ते सापडत नाही.

सांडपाण्याचं थोडक्यात सांगतो, कारण तुम्ही ते वासानं ओळखता. आपल्याकडच्या कारखान्यांचं पाणी १९८३ पासून सुमारे ५५ किलोमीटरच्या इफ्लुअंट चॅनलमधून, म्हणजे सांडपाण्याच्या कालव्यातून, खंभातच्या आखाताकडे जातं. मासे मिळेनासे झाले तर तिथल्या कोळ्याला, अहवालातला रकाना मात्र इथल्या फाटकापुरता. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की सांडपाणी शुद्धीकरणाची यंत्रणा चालू नसेल तर कारखानाही चालवता येणार नाही. ती याचिका आपल्या बडोद्याच्या पर्यावरण सुरक्षा समितीची होती, याचा मला गावकरी म्हणून अभिमान वाटतो.

मग कंपन्यांनी चांगलं काही केलंच नाही? केलंय की. सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर देवमुशी, म्हणजे व्हेल शार्क, मारले जायचे. त्यांचं तेल होड्यांना चोपडायचे. २००१ मध्ये मासा पहिल्या अनुसूचीत आला, पण कायदा वेरावळच्या धक्क्यावर कोण वाचतो? २००४ मध्ये मोहीम निघाली. टाटा केमिकल्सनं पैसा दिला, रामकथाकार मोरारी बापूंनी शब्द दिला: हा मासा म्हणजे बाळंतपणाला माहेरी आलेली लेक. लेकीला कोण मारणार? जाळी कापून मासे सोडायला लागले लोक. टाटा केमिकल्सच्या सोडा अ‍ॅशच्या कारखान्याचा या माशाशी संबंध नव्हता, तरी कंपनी कुंपणाबाहेर आली. मला हे आवडतं.

पण कापलेल्या जाळ्याची भरपाई द्यायला पुढे आला राज्याचा वन विभाग. आणि गिधाडांना न मारणारं पर्यायी औषध, मेलॉक्सिकॅम, सुरुवातीला डायक्लोफेनॅकपेक्षा महाग होतं, तेव्हा तो फरक भरला पशुपालकानं, म्हशीच्या दुधाच्या पैशातून. कंपनी कायद्यानं ठरवलेले नफ्याचे दोन टक्के समाजासाठी खर्च होतात, त्यातून रोपं लागतात, फलक लागतात. हा फरक त्यातून भरता आला असता की नाही, हे समोर बसलेल्या चार्टर्ड अकाउंटंट मंडळींनी मला चहाच्या वेळी सांगावं.