माळ आणि पातेलं

(मोटरवर फिरणारी बारीक काडी. भुसा उडतोय. आवाज काही सेकंद तसाच राहू द्यावा.)

ही तुळस. अंगणातल्या वृंदावनातली नव्हे, शेतात लावलेली. पंढरपूरच्या आसपास ती लावतात, वाढली की उपटतात, वाळवतात आणि तिच्या काड्या अशा घरांमध्ये येतात. काशीकापडी समाजातली कितीतरी घरं पिढ्यान्‌पिढ्या हेच काम करतायत. काडी आधी साफ करायची, मग पेराहून लहान तुकडे पाडायचे. मधोमध भोक पाडताना हात जरा हलला की मणी फुटलाच. पूर्वी सगळं हातावर चालायचं, आता मोटर आलीय; ओवायला मात्र अजून बोटंच लागतात. ताईंच्या मांडीवरचं सूप बघा. आमच्याशी बोलता बोलता ओवतायत, मोजताना काही दिसत नाहीत, आणि १०८ झाले की हात आपोआप थांबतो. वर मेरुमणी. गाठ.

(गाठ मारणारी बोटं, जवळून.)

वारकऱ्याची ही माळ दुकानात मिळते, पण आणली आणि घातली असं होत नाही. ज्ञानेश्वरीवर किंवा विठोबाच्या पायांवर ठेवायची, मग फडावरचे, म्हणजे वारकऱ्यांच्या परंपरागत गटाचे, महाराज ती गळ्यात घालतात. वारी चुकवायची नाही, एकादशी धरायची, हरिपाठ म्हणायचा, दारू-मटणाला शिवायचं नाही. जन्मानंच शाकाहारी असलेल्याला यातलं शेवटचं कलम फुकट मिळतं. पण वारीतल्या दिंड्या बघा. मराठा, माळी, धनगर, कोळी. यातल्या कितीतरी घरांत जत्रेला बोकड पडतो. तिथला माणूस माळ घालतो तेव्हा तो काहीतरी खरंच सोडत असतो.

(जेजुरी. भंडाऱ्यानं पिवळी झालेली पालखी.)

सासवडहून निघालेली ज्ञानोबांची पालखी जेजुरीला मुक्काम करते. इथला देव खंडोबा. त्याच्या दोन बायका, म्हाळसा वाण्याची आणि बानू धनगराची; एकीचं ताट शाकाहारी, दुसरीला मटण चालतं. म्हाळसा वर गडावर, बानूचं देऊळ अर्ध्या वाटेवर. चंपाषष्ठीला देवाला भरीत-रोडगा, आणि नवसाचं बोकड गडाखाली. देवाच्याच संसारात दोन चुली, मग माणसांच्या घरात त्याचं नवल ते काय!

(गोठ्यामागची चूल. धूर.)

पुरंदर तालुक्यातलं हे घर. आबांच्या गळ्यात एकोणीस वर्षं माळ आहे. आज रविवार. नातवानं अर्धा किलो मटण आणलंय. ते घरात येत नाही. गोठ्यामागं तीन दगडांची चूल आहे, तिथं शिजतं. पातेलं वेगळं, पळी वेगळी, विळीसुद्धा वेगळी. आबा ओसरीवर पिठलं-भाकरी खातायत. वारा त्यांच्याकडेच वाहतोय. मध्येच ते सुनेला हाक मारतात, “खोबरं करपलं गं, उतरव!”

(सून हसते. निवेदन नाही.)

एकोणीस वर्षं तोंडात घास नाही, नाक मात्र शाबूत आहे.

(महाड, चवदार तळं. जुनी छायाचित्रं.)

घास सोडणं हे आपल्याकडं जुनं राजकारण आहे. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी लोकांना मेलेल्या जनावराचं मांस सोडायला सांगितलं. शाकाहाराशी त्याचा संबंध नव्हता, माणूस म्हणून मान वर करण्याशी होता. तिथंही सोडणारा तोच, ज्याच्या ताटात ते होतं.

१५ ऑगस्ट २०२५ ला मात्र ठरवणारं दुसरंच कुणी होतं: कल्याण-डोंबिवली महापालिकेनं शहरातली मटण-चिकनची दुकानं दिवसभर बंद ठेवायला सांगितली. आधार दिला १९८८ च्या एका ठरावाचा. दुकानदारांचा एका सुट्टीचा धंदा बुडाला, वाद झाला, दिवस गेला.

(पुन्हा ओसरी. संध्याकाळ.)

पातेलं राखेनं घासून गोठ्याच्या भिंतीला पालथं पडलंय. नातू हात धुऊन येतो, साबण लावून, दोनदा. मगच आबांच्या शेजारी बसतो. आम्ही त्याला विचारलं, तू कधी घालणार माळ? तो खाली बघून हसला. “मटण आवडतं अजून.”

आबा टाळ पुसत होते. म्हणाले, “मग नको घालूस.”

(टाळ. हरिपाठ सुरू होतो. नावं येईपर्यंत आवाज चालू.)