षड्ज हलतो तेव्हा: जॉन मॅक्लॉफ्लिन यांची गिटार आणि उपज

(गिटार शिकणारे आणि शास्त्रीय संगीताचे विद्यार्थी यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, सुरुवात १८ फेब्रुवारी १९६९ पासून करू. ड्रमवादक टोनी विल्यम्सच्या नव्या बँडसाठी इंग्लंडहून न्यूयॉर्कला नुकताच आलेला एक सत्तावीस वर्षांचा गिटारवादक जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या ध्वनिमुद्रणाला बसला होता. जो झाविनुलची ‘इन अ सायलेंट वे’ ही रचना भरपूर कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) असलेली होती. डेव्हिसने त्यातले बहुतेक कॉर्ड काढून टाकले, खाली एकच सूर धरून ठेवला आणि गिटारवादकाला सांगितलं, गिटार येतच नसल्यासारखं वाजव. मॅक्लॉफ्लिन यांनी शिकाऊ मुलगा पहिल्या आठवड्यात धरतो तो ई कॉर्ड धरला आणि त्यावर चाल सावकाश मांडली. तीच रेकॉर्डवर गेली.

हा किस्सा साधेपणाचं कौतुक करायला सांगितला जातो. मला त्यात दुसरं काही दिसतं. खालचा सूर स्थिर झाला की उपजेचे, म्हणजे आयत्या वेळी सुचेल ते वाजवण्याचे, सगळे नियम बदलतात. हे आपल्याकडच्या गवयाला सांगावं लागत नाही, जॅझवाल्याला मात्र नव्याने शिकावं लागतं.

आता हे हातात गिटार धरून बघू. हंसध्वनी घ्या. कर्नाटक संगीतातला हा राग भेंडीबाजार घराण्याच्या अमान अली खाँसाहेबांनी आपल्याकडे रुळवला. स्वर सा रे ग प नी, सगळे शुद्ध. चौथ्या, म्हणजे डी तारेवर खुल्या तारेला सा माना, की फ्रेट (गिटारच्या गळ्यावरच्या आडव्या पट्ट्या) झाले ०, २, ४, ७, ११ आणि १२. याच पाच स्वरांना जॅझवाला डी मेजर नाइन म्हणतो. त्याच्या दृष्टीने हा एक उभा कॉर्ड आहे. आता तुम्ही हेच पाच स्वर वाजवत राहा आणि बेसवाल्याला डी सोडून बी धरायला सांगा. तुमची बोटं जिथल्या तिथे, पण ऐकू येतो बी मायनर, आणि तुमचा सा त्याचा कोमल गंधार झाला. बेस जी वर नेला, तर तुमचा नी तीव्र मध्यम होतो. म्हणजे षड्ज (सा) हलला आणि राग गेला. जॅझची बरीचशी उपज या हलण्यावर चालते: सूर तोच, खालची जमीन बदलली की त्याचा अर्थ बदलतो. रागात जमीन हलत नाही, म्हणून सुरालाच हलावं लागतं. मींड, गमक, आंदोलन हे सगळं त्यासाठी.

मॅक्लॉफ्लिन यांचा जन्म १९४२ चा, यॉर्कशरमधल्या डॉनकास्टरचा. लहानपणी पियानो, अकराव्या वर्षी गिटार, मग ब्लूज, जॅझ गिटारवादक जँगो राइनहार्ट, पुढे सॅक्सोफोनवादक कोल्ट्रेन. १९७१ साली त्यांनी महाविष्णू ऑर्केस्ट्रा काढला. ‘महाविष्णू’ हे नाव त्यांना गुरू श्री चिन्मय यांनी दिलं होतं. बिली कोबॅमचे ड्रम, जेरी गुडमनचं व्हायोलिन, यान हॅमरचे कीबोर्ड, रिक लेर्डचा बेस. आवाज प्रचंड. ‘बर्ड्स ऑफ फायर’चा ठेका १८ मात्रांचा. पाचजण एकाच हिशेबावर इतक्या वेगात धावत होते की ऐकणाऱ्याला सम (आवर्तनाची पहिली मात्रा) शोधावी लागे. हा पहिला संच १९७३ च्या अखेरीस फुटला.

त्यानंतर त्यांनी जे केलं ते धंद्याच्या दृष्टीने वेडेपणाचंच होतं. प्रेक्षागृहं भरत असताना इलेक्ट्रिक गिटार खाली ठेवून जमिनीवर मांडी घातली. त्यांच्या ‘शक्ती’ या नव्या संचात एल. शंकर यांचं व्हायोलिन, उस्ताद झाकीर हुसेन यांचा तबला, विक्कू विनायकरम यांचा घटम (मडक्याचं तालवाद्य). पहिली रेकॉर्ड जुलै १९७५ च्या मैफलीतली. त्याआधी त्यांनी अमेरिकेत वेस्लियन विद्यापीठात एस. रामनाथन यांच्याकडे वीणेचं शिक्षण घेतलं होतं, आणि तिथेच साध्या गिटारची अडचण कळते: फ्रेटमुळे सूर पायऱ्यांसारखे तुटक येतात. तार आडवी ओढावी, तर बोटाचं टोक लाकडाला घासतं.

यावर काढलेला उपाय म्हणजे एब्राहम वेक्टर यांच्या हातची गिब्सन गिटार. दोन फ्रेटमधलं लाकूड कोरून खोलगट केलेलं. बोट लाकडाला टेकतच नाही, तार मोकळी खेचली जाते, वीणेसारखी. शिवाय साउंडहोलवरून मुख्य तारांना तिरप्या जाणाऱ्या सात जादा तारा, रागाप्रमाणे जुळवायच्या आणि मध्येच छेडायच्या.

असं कोरकाम करून घेण्याचा मोह झाला तर एक लक्षात ठेवा. अशा गिटारवर बोट जरा जोरात दाबलं की तार खड्ड्यात उतरते आणि सूर चढतो. साध्या गिटारवर कॉर्ड आवळून धरायची सवय असलेल्याचा प्रत्येक कॉर्ड बेसूर लागतो, आणि तो दोष वाद्याला देतो. दाब फक्त तार फ्रेटला टेकेल इतकाच हवा. आणि कोरलेलं लाकूड परत येत नाही, त्यामुळे आधी स्वस्तातल्या गिटारवर करून बघा.

पण दोन परंपरा खऱ्या अर्थाने भेटल्या त्या सुरात भेटल्या, असं मला वाटत नाही. सुरात तडजोड होते: एकाला कॉर्ड सोडावा लागतो, नाहीतर दुसऱ्याला षड्ज. लयीत कोणालाच काही सोडावं लागत नाही. मॅक्लॉफ्लिन स्वतः कोन्नकोल (तालाचे बोल तोंडाने म्हणण्याची कर्नाटक पद्धत) शिकले आणि विक्कूजींचे चिरंजीव सेल्वगणेश यांच्याबरोबर त्यावर शिकवणीची डीव्हीडीही काढली. उपजेला धीर येतो तो हिशेब पक्का असल्यामुळे, ही त्यांची धारणा. हिशेब चुकण्याची भीती असलेला वादक पाठ केलेल्या जागाच वाजवत राहतो.

म्हणून आज हाताला लावायला एक छोटी दमदार तिहाई (तोच तुकडा तीनदा वाजवून समेवर येणं) देतो. सोळा मात्रांचा तीनताल, तेराव्या मात्रेपासून, मात्रेचे चार भाग:

तिरकिट धा ऽ, तिरकिट धा ऽ, तिरकिट धा.

पल्ला, म्हणजे तुकडा, पाच आघातांचा; दम, म्हणजे मधली विश्रांती (ऽ), एकाचा. ५+१+५+१+५, एकूण १७. चार मात्रांचे भाग सोळा, सतरावा म्हणजे सम. सोळाच मोजणारा इथेच फसतो. कर्नाटक पद्धतीत बहुधा उलट असतं: बोल सोळाव्यालाच संपतात आणि सम त्यानंतरच्या आघाताची. तबला आणि घटम एकाच मंचावर असताना हा फरक आधी बोलून घ्यावा लागतो, नाहीतर दोघंही बरोबर असून चुकल्यासारखे दिसतात.

पहिला धा चौदाव्या मात्रेवर येतो, दुसरा पंधराव्याच्या मधोमध, तिसरा समेवर. बिघडतं ते नेहमी दुसऱ्यापाशी. धा मात्रेवर पडला नाही की मन घाबरतं, पुढचा दम गिळला जातो आणि सम पाव मात्रा आधी येते.

गिटारवर याला नामी उपाय आहे. मॅक्लॉफ्लिन यांचा उजवा हात प्रसिद्ध आहे तो खाली-वर, खाली-वर असा जवळजवळ प्रत्येक सूर छेडण्यासाठी. तसंच करा. पाच आघात म्हणजे खाली, वर, खाली, वर, खाली. दमाच्या जागी हात वर न्या, पण तारेला लावू नका. प्रत्येक ‘ति’ खाली येतानाच वाजला पाहिजे. तो वर जाताना वाजला, तर दम गिळला गेला हे हातच सांगतो, मोजायची गरज नाही.

आधी तोंडाने म्हणा, मग एकाच सुरावर वाजवा, मग तीन धा हंसध्वनीत प, ग, सा असे उतरवा: डी तारेवर ७, ४, ०. मेट्रोनोम ६० वर ठेवला की प्रत्येक मात्रेला ठोका मिळतो. जमलं की ३० वर आणा आणि पहिला ‘ति’ ठोक्यावर धरा. आता पहिले दोन्ही धा ठोक्याविना जातील. मधला एकच ठोका मिळेल, आणि तो दुसऱ्या ‘तिरकिट’मधल्या ‘कि’वर पडला पाहिजे. ‘ट’वर पडला तर पहिला दम खाल्लात, ‘र’वर पडला तर तो लांबवलात.