पानातली डावी बाजू

नमस्कार मंडळी. आपल्या इंदूरच्या रामबागेतल्याच एका घरातल्या जेवणापासून सुरुवात करते.

काका बँकेतून निवृत्त झालेले. दीड महिन्यापूर्वी अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. काठी घेऊन चालत होते, बोलणं स्वच्छ होतं. मी पोचले तेव्हा काकूंनी तक्रार केली ती वेगळीच. "यांना माझ्या हातची चटणी नकोशी झालीय. कोशिंबिरीला बोटसुद्धा लावत नाहीत. चाळीस वर्षांत असं कधी केलं नव्हतं." सांगताना त्यांचे डोळे भरून आले.

मी म्हटलं, काकू, माझ्यासमोर पान वाढा. आपल्याकडचं पान तुम्हाला ठाऊक आहे. डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाजी, आमटी, मध्ये भात. काकांनी उजवी बाजू स्वच्छ संपवली. भाताच्या मुदीचाही उजवा अर्धा भागच खाल्ला आणि हात धुवायला उठू लागले. मी ताट अर्धं फिरवलं. काका थबकले. म्हणाले, "अरे, चटणी होती होय?"

काकांचे डोळे चांगले होते, काकूंवर राग तर नव्हताच. मेंदूच्या उजव्या भागाला इजा झाली की कित्येकांचं डावीकडच्या जगाकडे लक्षच जात नाही. दिसत असतं, पण दखल घेतली जात नाही. असा माणूस डाव्या गालाची दाढी विसरतो, सदऱ्याची डावी बाही तशीच लोंबत ठेवतो, दारातून जाताना डावा खांदा चौकटीवर आपटतो. घरच्यांना वाटतं, वेंधळेपणा करतोय किंवा रुसलाय. आम्ही ताटाच्या डाव्या कडेला लाल फीत चिकटवली आणि काकांना एकच सवय लावायला घेतली: लाल फीत सापडेपर्यंत नजर फिरवायची, मग पहिला घास. काकूंना समोरच्या खुर्चीवरून उठवून काकांच्या डावीकडे बसवलं.

हे माझं काम. याला ऑक्युपेशनल थेरपी म्हणतात, मराठीत व्यवसायोपचार. या 'व्यवसाय' शब्दामुळे फार घोटाळा होतो. लोक विचारतात, आजी पंच्याहत्तरीच्या, त्यांना आता कसला व्यवसाय शिकवणार? इथे व्यवसाय म्हणजे माणसाचा दिवस ज्या कामांनी भरलेला असतो ती सगळी कामं. दात घासणं, निऱ्या घालणं, कुकर लावणं, नातीची वेणी घालणं, देवासमोर दिवा लावणं. फिजिओथेरपिस्ट खांदा किती उचलला जातो ते बघतात, आणि ते लागतंच. मी विचारते, खांदा उचलून तुम्हाला काय करायचंय?

आपल्या देशात ही विद्या रुजवली ती एका निंबकरांच्या सुनेनं. कमला निंबकर मूळच्या अमेरिकन, लग्न करून मुंबईत आल्या आणि इथल्याच झाल्या. मुंबईच्या केईएम रुग्णालयात 1950 साली त्यांनी ऑक्युपेशनल थेरपीचं भारतातलं पहिलं विद्यालय सुरू केलं. 1952 मध्ये या क्षेत्राची जागतिक संघटना स्थापन झाली, तेव्हा संस्थापक दहा देशांत भारत होता. इतकी जुनी परंपरा असून आजही झटका आलेल्या माणसाच्या घरी हा शब्द फार उशिरा पोचतो, कधी पोचतही नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता जे सांगणार आहे ते कदाचित बोचेल, पण प्रेमानं सांगतेय. आपल्या घरांमध्ये एक वाक्य असतं: "आम्ही आहोत ना." सून भरवते, मुलगा अंघोळ घालतो, नातू चप्पल घालून देतो. कुणी कमी पडत नाही. आणि त्या माणसाचा हात महिन्या-दोन महिन्यांत पडून राहायला शिकतो.

'शिकतो' हा शब्द मी मुद्दाम वापरला. एडवर्ड टाउब नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञानं माकडांवर काम केलं होतं. एका हाताची संवेदना नेणाऱ्या नसा तोडल्या की माकड तो हात वापरणं सोडून देई. स्नायूंना जाणाऱ्या नसा शाबूत, तरीही. चांगला हात बांधून ठेवला की तोच सोडलेला हात पुन्हा कामाला लागे. म्हणजे न वापरण्याचीही सवय जडते. त्यावरून माणसांसाठी उपचारपद्धत तयार झाली. चांगल्या हातावर जाड मोजा चढवायचा, जागेपणीच्या सुमारे 90 टक्के वेळ, दोन आठवडे, आणि दुबळ्या हाताकडून रोज तासन्‌तास काम करून घ्यायचं. अमेरिकेत सात केंद्रांवर 222 जणांवर केलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष 2006 साली प्रसिद्ध झाले. या सगळ्यांना झटका येऊन तीन ते नऊ महिने झालेले होते, आणि नेहमीच्या उपचारांपेक्षा या पद्धतीनं त्यांचे हात जास्त कामाला लागले. पण हे घरच्या घरी करायला जाऊ नका. मनगट आणि बोटं आपली आपण थोडी तरी वर उचलता आली पाहिजेत; पूर्ण लुळ्या हाताला याचा उपयोग नाही, नुसता छळ होतो.

मग हात परत येणारच नसेल तर? तर काम करायची पद्धत बदलायची, वस्तू बदलायच्या, घर बदलायचं. एक आजी होत्या, उजवी बाजू गेलेली. घरच्यांनी सोयीसाठी मॅक्सी घातली होती. सोयीची होतीच. पण आजी खोलीबाहेर येईनात. कुणी भेटायला आलं की झोपल्याचं सोंग घ्यायच्या. चार वेळा गेल्यावर त्यांनी मला सांगितलं, "जन्मभर लुगडं नेसले गं. अशी कशी बाहेर बसू?" आम्ही शिवलेली नऊवारी आणली, कमरेला नाडीच्या जागी वेल्क्रो लावलं, पोलक्याचे हुक काढून तिथेही वेल्क्रो. आणि कपडे घालायची रीत शिकवली: घालताना दुबळा हात आधी, काढताना तो शेवटी. पुढचं हळदीकुंकू त्यांनी दिवाणखान्यात बसून केलं. कुंकू डाव्या हातानं कसं लावू म्हणून अडल्या होत्या. तेव्हा त्यांच्या जावेनं त्यांचा उजवा हात खालून उचलून धरला. ती युक्ती माझ्या कुठल्याच पुस्तकात नव्हती.

डाव्या हाताचा हा प्रश्न आपल्याकडे फार मोठा आहे, हे डॉक्टरांच्याही चटकन लक्षात येत नाही. उजवा हात गेलेले आजोबा डाव्यानं जेवणार नाहीत, आणि भरवून घ्यायची लाज वाटते म्हणून दोन घासांवर उठतील. अशा वेळी चमच्याच्या दांड्याला सायकलच्या मुठीचं रबर चढवायचं, पट्ट्यानं तो उजव्या तळव्यात अडकवायचा, डाव्या हातानं उजव्या मनगटाला आधार द्यायचा. ताट काठाचं घ्यायचं, खाली ओला पंचा ठेवायचा म्हणजे सरकत नाही. खर्च जवळजवळ नाही.

रुग्णालयात तुम्ही बार्थेल निर्देशांक ऐकाल, म्हणजे रोजची कामं माणूस आपली आपण किती करू शकतो याचं माप. महोनी आणि बार्थेल या दोघींनी 1965 मध्ये तो प्रसिद्ध केला. जेवण, अंघोळ, शौच, जिना अशा दहा गोष्टी आणि 100 गुण. उपयोगाचा आहे, मीही वापरते. मात्र 100 गुण म्हणजे माणूस एकटा राहू शकेल असं नव्हे, हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. स्वयंपाक, घर सांभाळणं, लोकांत मिसळणं त्यात येतच नाही.

आणि सराफा, आपला रात्री खाऊगल्ली होणारा बाजार, तोही त्यात येत नाही! आपल्या इंदूरचे एक गृहस्थ, वय अडुसष्ट. काय करायचंय विचारल्यावर क्षणात म्हणाले, "रात्री सराफ्यात जाऊन, उभं राहून, भुट्ट्याचा कीस खायचाय." मुलगा म्हणाला, बाबा, मी घरी आणून देतो. पुन्हा तेच, आम्ही आहोत ना. मी वही काढली आणि त्या किसाचे तुकडे पाडले. घराच्या तीन पायऱ्या. ई-रिक्षात चढणं: आधी चांगला पाय, उतरताना आधी दुबळा. चढवताना लुळा हात धरून ओढायचं नाही, खांदा सांध्यातून खाली सरकतो आणि मग महिनोन्‌महिने दुखतो. राजवाड्यापासून गर्दीतून चालणं, काठी असताना लोकांचे धक्के. वीस मिनिटं उभं राहणं. खिशातून पैसे काढणं. आणि सगळ्यात अवघड म्हणजे डाव्या हातात गरम द्रोण, उजव्यात चमचा. द्रोण जास्त दाबला तर चेपतो, सैल धरला तर पडतो. आम्ही महिनाभर रिकामा द्रोण, मग मुरमुऱ्यांचा, मग ओल्या पोह्यांचा, असं करत गेलो. रबरी चेंडू दाबायचा त्यांना आठ दिवसांत कंटाळा आला होता. द्रोणाचा आला नाही. सराफ्यात पहिल्यांदा गेले तेव्हा अर्धा कीस सांडला. दुसऱ्या खेपेला कमी सांडला.

वेळ होत आलाय, पण न्हाणीघराबद्दल बोलल्याशिवाय सोडणार नाही. आपल्या जुन्या घरांत ते एक पायरी खाली, गुळगुळीत फरशीचं, अंधारं असतं. पाटावर बसून अंघोळ बंद करा, रबरी पायांचा उंच स्टूल घ्या. बादलीही उंचावर ठेवा म्हणजे वाकायला नको. तांब्या लहान घ्या. आधाराचा दांडा भिंतीत पक्का बसवून घ्या, टॉवेलच्या दांडीला धरून उठू नका, ती निघून हातात येते. आणि दार बाहेर उघडेल असं करून घ्या. आत माणूस पडला तर दार त्याच्या अंगावर अडतं आणि बाहेरच्यांना आत शिरता येत नाही. सुतार एका दिवसात करून देतो.

बाहेर पडवीत टेबल मांडलंय. दोन खिळे ठोकलेला पाट आहे, त्यात बटाटा रोवून एका हातानं सोलता येतो. वेल्क्रोचं पोलकं आहे, जाड मुठीचे चमचे आहेत. चहा घेण्याआधी प्रत्येकानं उजव्या हातात तो जाड मोजा घाला आणि एका हातानं बिस्किटाचा पुडा उघडून बघा. शेजारच्यानं मदत करायची नाही. काकू, तुम्हीसुद्धा काकांना नाही.