हरिकेनचा हंगामी अंदाज: आकडा येतो कुठून आणि फसतो कुठे

नमस्कार मंडळी!

एल निनो हा शब्द बातम्यांत आला की आपल्याकडे शेतकऱ्याच्या पोटात गोळा येतो. यंदा पाऊस दगा देणार की काय? आणि तीच बातमी ऐकून फ्लोरिडातला घरमालक जरा सैलावतो, कारण एल निनोच्या वर्षी अटलांटिकमध्ये हरिकेन, म्हणजे तिथली जोरदार चक्रीवादळं, सहसा कमी होतात. पाणी तापतं पॅसिफिकचं. त्याने इथला माणूस धास्तावतो, तिथला सुटकेचा श्वास सोडतो.

या धाग्याचं एक टोक आपल्याच मान्सूनमध्ये आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला भारतीय हवामान खात्याचे प्रमुख असलेले गिल्बर्ट वॉकर मान्सूनचा अंदाज आधीच कसा सांगता येईल, हे शोधत होते. त्या खटपटीत त्यांना पॅसिफिकच्या दोन टोकांच्या हवादाबातली झोकाझोकी सापडली. एल निनो ही त्याच झोकाझोकीची समुद्रातली बाजू. आज तिच्यावर हरिकेनच्या हंगामाचा अंदाज उभा आहे.

[पडद्यावर: अटलांटिकचा नकाशा, आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून कॅरिबियनपर्यंत पट्टा रंगवलेला]

आधी हिशेबाची भाषा समजून घेऊ. हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर, आणि त्याचा कळस १० सप्टेंबरच्या आसपास. वाऱ्याचा वेग ३४ नॉट्स, म्हणजे ताशी ६३ किलोमीटर झाला की वादळाला नाव मिळतं. ६४ नॉट्सला, म्हणजे ताशी ११९ किलोमीटरला, ते हरिकेन होतं. आणि ९६ नॉट्स, म्हणजे ताशी १७८ किलोमीटरच्या पुढे गेलं की मोठं हरिकेन. १९९१ ते २०२० या तीस वर्षांची सरासरी १४ नाववाली वादळं, ७ हरिकेन, ३ मोठी हरिकेन. १४, ७, ३. हे तीन आकडे डोक्यात ठेवा, पुढे सगळं त्यांच्याशीच ताडायचं आहे.

हा अंदाज पहिल्यांदा नियमित द्यायला लागले विल्यम ग्रे, १९८४ साली, कोलोरॅडो स्टेट युनिव्हर्सिटीतून. कोलोरॅडो! डोंगराळ राज्य, समुद्र शेकडो कोस दूर. ग्रे २०१६ मध्ये गेले, आता ते काम फिल क्लॉट्झबाख आणि त्यांचे सहकारी करतात. त्यांचा पहिला अंदाज एप्रिलच्या सुरुवातीला येतो, मग जून, जुलै आणि ऑगस्टमध्ये सुधारणा. अमेरिकेची सरकारी संस्था नोआ १९९८ पासून अंदाज देते, मेच्या उत्तरार्धात, आणि ऑगस्टमध्ये तो एकदा दुरुस्त करते.

आता स्वयंपाकघरात शिरू. आकडा शिजतो कसा?

वादळ व्हायला मुख्यतः तीन गोष्टी लागतात: गरम पाणी, दमट हवा आणि कमी शिअर. पाणी साधारण साडेसव्वीस अंशांच्या वर हवं, आणि नुसता वरचा थर तापून भागत नाही, खाली पन्नासेक मीटरपर्यंत ऊब हवी, नाहीतर वादळ स्वतःच पाणी घुसळून थंड करून घेतं. पण तिन्हींत शिअरकडे नीट बघा, कारण एल निनोची सगळी करामत तिथे आहे.

[पडद्यावर: दोन बाण, खालचा पश्चिमेकडे, वरचा पूर्वेकडे]

जमिनीपासून दीड किलोमीटरवरचा वारा आणि बारा किलोमीटरवरचा वारा यांच्या वेगात आणि दिशेत जो फरक, तो शिअर. वादळाचा गाभा म्हणजे उभा गरम खांब. फरक वीस नॉट्सच्या पुढे गेला की खांबाचा वरचा भाग एकीकडे ओढला जातो, खालचा भोवरा उघडा पडतो, बाजूची कोरडी हवा आत घुसते. उतरंडीतली वरची मडकी कुणी बाजूला ढकलावीत, तसं.

कॅरिबियनवर खालचे वारे पूर्वेकडून येतात, तेच व्यापारी वारे. एल निनोत मध्य आणि पूर्व पॅसिफिकवर ढगांचे डोंगर उभे राहतात आणि त्यांतून वर फेकलेली हवा कॅरिबियनच्या माथ्यावर पश्चिमेकडून वाहू लागते. खाली पूर्वेचा, वर पश्चिमेचा. फरक वाढला, वादळ मोडलं. ला निनात, म्हणजे पॅसिफिकचं तेच पाणी थंड पडतं तेव्हा, उलट होतं, माथा शांत राहतो.

अरबी समुद्रातही हेच गणित चालतं. भर पावसाळ्यात पाणी गरम असतं, दमटपणा तर विचारायलाच नको, तरी जुलै-ऑगस्टमध्ये तिथे चक्रीवादळ क्वचितच होतं. खाली नैर्ऋत्येचा जोराचा वारा, वर पूर्वेचा झोत. शिअर एवढा की खांब उभाच राहत नाही. म्हणून आपली वादळं मान्सूनच्या आधी किंवा नंतर येतात. तौक्ते मे २०२१ मध्ये आलं, निसर्ग ३ जून २०२० ला अलिबागजवळ धडकलं, मान्सून आपल्याकडे पोचायच्या आत.

असो. परत अटलांटिककडे.

पहिली पायरी: गेल्या चाळीसेक वर्षांची समुद्राची तापमानं, हवादाब, वारे घ्यायचे आणि एप्रिलमधली कोणती खूण ऑगस्ट ते ऑक्टोबरच्या वादळांशी जुळते ते शोधायचं. उदाहरणार्थ, वसंतात आफ्रिकेलगतच्या अटलांटिकवर व्यापारी वारे मंद असले की पाणी कमी घुसळलं जातं, बाष्पीभवन कमी होतं आणि समुद्र तापतो. ही खूण बऱ्यापैकी टिकाऊ आहे.

दुसरी पायरी तपासणीची. एक वर्ष झाकून ठेवायचं, बाकीच्यांवर समीकरण बसवायचं आणि झाकलेल्या वर्षाचं उत्तर काढून बघायचं. असं प्रत्येक वर्षाचं. हे कंटाळवाणं आहे, पण इथे आळस केला की फसगत ठरलेली. चाळीस वर्षं आणि शेकडो खुणा असल्या की काही ना काही योगायोगाने जुळणारच. ग्रे यांच्या सुरुवातीच्या अंदाजांत विषुववृत्तावर खूप उंच, स्थितांबरात, साधारण २८ महिन्यांच्या फेऱ्यात दिशा बदलणारे वारे हा एक मोठा घटक होता. पुढच्या वर्षांत तो संबंध विरला आणि त्याला वगळावं लागलं. डिसेंबरमध्ये दिले जाणारे आकडेही असेच. जुन्या वर्षांवर छान बसायचे, प्रत्यक्षात कामाला येईनात, म्हणून ते बंद केले. अंदाज बंद करायलाही धाडस लागतं, त्याचं श्रेय त्यांना द्यायला हवं.

तिसरी पायरी संगणकाची. युरोपीय हवामान केंद्राचं हंगामी मॉडेल सुरुवातीच्या स्थितीत किंचित फरक करून ५१ वेळा चालवतात. ते थेट वादळं मोजण्यापेक्षा सप्टेंबरमध्ये समुद्र किती गरम असेल, शिअर किती असेल हे बरं सांगतं. ते आकडे मग समीकरणात घालायचे. शेवटी आजच्यासारखी परिस्थिती असलेली जुनी वर्षं निवडून ताळा करायचा. अंतिम आकडा माणसं बसून ठरवतात, यंत्रातून टपकत नाही.

मग एप्रिलचा अंदाज कच्चा का? कारण एल निनो. मार्च ते मे या काळात पॅसिफिक बदलाच्या उंबऱ्यावर असतो आणि तो कुठे झुकेल हे मॉडेलांना नीट कळत नाही. मे-जून ओलांडला की चित्र स्पष्ट होतं. त्यामुळे एप्रिलचा आकडा कानावर घ्या, पण वजन ऑगस्टच्या आकड्याला द्या. तोवर हंगामाचा मुख्य भाग यायचाच असतो.

आता एक हंगाम जवळून बघू. २०२४.

[पडद्यावर: २०२४ ची दिनदर्शिका]

फेब्रुवारीपासूनच अटलांटिक विक्रमी गरम, आणि एल निनो ओसरून ला निना येण्याची चिन्हं. एप्रिलमध्ये कोलोरॅडोवाल्यांनी सांगितलं: २३ नाववाली वादळं, ११ हरिकेन, ५ मोठी. १४-७-३ च्या तुलनेत बघा, केवढी उडी! २ जुलैला बेरिल हे हरिकेन पाचव्या, म्हणजे सर्वांत वरच्या श्रेणीला पोचलं. हंगामात इतक्या लवकर असं कधीच झालं नव्हतं. सगळे म्हणाले, बघा, आलं.

आणि मग? ऑगस्टच्या २० तारखेच्या सुमारास अर्नेस्टो संपलं, त्यानंतर ९ सप्टेंबरला फ्रान्सीनला नाव मिळेपर्यंत एकही नवं नाववालं वादळ नाही. ऐन कळसाच्या आधीचे तीन आठवडे कोरडे! टीका सुरू झाली, अंदाज बोंबलला म्हणून.

कारण आफ्रिकेत होतं. तिथेही मान्सून असतो, आणि अटलांटिकची वादळं हवेतल्या ज्या लाटांतून जन्मतात त्या पश्चिम आफ्रिकेवरून येतात. त्या वर्षी तो मान्सून नेहमीपेक्षा उत्तरेला सरकला. लाटा समुद्रात उतरल्या त्याही उत्तरेला, जिथे पाणी थंड आणि हवा कोरडी. शिवाय वातावरणाचा वरचा थरही गरम झालेला. खाली गरम आणि वर थंड असेल तर हवा उसळते. दोन्ही गरम असेल तर नुसतं गरम पाणी काय कामाचं?

मग २४ सप्टेंबरला हेलीन तयार झालं, २६ ला फ्लोरिडावर चौथ्या श्रेणीत आदळलं. ९ ऑक्टोबरला मिल्टन. हंगाम संपला तेव्हा हिशेब होता १८, ११, ५. हरिकेनचे दोन्ही आकडे तंतोतंत, नावांचा पाचने चुकला. आमच्या मते यात थोडं नशीबही आहे. तीन आठवड्यांच्या त्या शांततेचा उल्लेख कुणाच्याही एप्रिलच्या अंदाजात नव्हता.

सपशेल फसलेलं वर्ष हवं असेल तर २०१३ घ्या. अंदाज १८, ९, ४. प्रत्यक्षात १४, २, ० आणि ती दोन्ही हरिकेन पहिल्या श्रेणीची. मधल्या थरातली हवा अटलांटिकभर कोरडी राहिली, ते आधी कुणाला दिसलं नाही. उलट २०२३ मध्ये जोरदार एल निनो असूनही २० नाववाली वादळं झाली, कारण अटलांटिकची उष्णता शिअरला पुरून उरली.

परिस्थितीचा अंदाज अगदी अचूक असला तरी आकडा हलतो, हेही लक्षात घ्या. सरासरी ७ हरिकेनची परिस्थिती असेल तर नुसत्या योगायोगाने येणारी चढउतार ७ च्या वर्गमुळाइतकी, म्हणजे २.६. पाच झाली काय, नऊ झाली काय, अंदाज चुकला म्हणता येत नाही. म्हणूनच नोआ एक आकडा देत नाही, पल्ला देते आणि त्यावर ७० टक्के खात्री सांगते. म्हणजे दहा वर्षांत तीन वेळा पल्ल्याबाहेर जायचंच.

आणि नावं मोजण्यापेक्षा ऊर्जा मोजा. तिला एसीई म्हणतात. दर सहा तासांनी वाऱ्याचा वेग नॉट्समध्ये घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा, सगळी बेरीज करून दहा हजारांनी भागायचं.

[पडद्यावर: फळा, खडूने आकडेमोड]

४० नॉट्सचं वादळ एक दिवस टिकलं. चाळीसचा वर्ग १६००, गुणिले चार नोंदी, ६४००. भागिले दहा हजार, ०.६४. आता १२० नॉट्सचं हरिकेन, तेही एकच दिवस. १४४०० गुणिले चार, ५७६००. म्हणजे ५.७६. नऊपट! बातमीत मात्र दोन्ही 'एक वादळ' म्हणूनच मोजली जातात. हंगामाची सरासरी एसीई साधारण १२३ असते. २०२४ साठी अंदाज २१० होता, झाली १६२ च्या आसपास. कस पाहायचा तर इथे दिसतो: सरासरीपेक्षा जास्त हे बरोबर, किती जास्त हे चुकलं.

आता घर अमेरिकेत असेल, टँपा, ह्यूस्टन, न्यू जर्सी, आणि आपली बरीच मंडळी तिथे आहेत, तर हे ऐका. हा अंदाज समुद्राचा आहे, तुमच्या छपराचा नाही. देशात सरासरीच्या १०६ टक्के पाऊस म्हटल्यावर माण-खटावचा शेतकरी नाचत नाही, तसंच. १९९२ चा हंगाम शांत होता, पहिल्या नावाला ऑगस्ट उजाडला. पण ते पहिलं नाव होतं अँड्र्यू, आणि त्याने पाचव्या श्रेणीत दक्षिण फ्लोरिडा उद्ध्वस्त केला. २०१० मध्ये १९ नाववाली वादळं, १२ हरिकेन, आणि अमेरिकेच्या किनाऱ्यावर हरिकेन म्हणून एकही आलं नाही.

किनाऱ्याला धडकण्याची शक्यताही कोलोरॅडोवाले देतात. मोठं हरिकेन अमेरिकेच्या किनाऱ्यावर कुठेतरी येण्याची शक्यता एरवी ४३ टक्के असते, २०२४ साठी त्यांनी ६२ सांगितली होती. म्हणजे अतिशय तापलेल्या वर्षीही ती दुप्पट होत नाही, आणि ही संपूर्ण किनाऱ्याची आहे, तुमच्या गावाची त्याहून कितीतरी कमी. तयारी दरवर्षी सारखीच करावी लागते ती यामुळे.

त्यात विम्याचं वेळापत्रक अंदाजापेक्षा कडक आहे. घराच्या साध्या विम्यात पुराचं पाणी धरलेलं नसतं. पुराचा सरकारी योजनेतला विमा वेगळा घ्यावा लागतो, आणि थोडे अपवाद सोडले तर तो घेतल्यापासून ३० दिवसांनी लागू होतो. १ जूनला लागू हवा असेल तर एप्रिलअखेर, फार तर १ मेपर्यंत पैसे भरायला हवेत. म्हणजे मेमधल्या सरकारी अंदाजाची वाट बघत बसलात तर उशीर झालेला असतो. वादळ नकाशावर दिसू लागलं की बऱ्याच कंपन्या त्या भागात नवे विमे देणं तात्पुरतं थांबवतात, ते निराळंच. आणि पॉलिसीत हरिकेनचं डिडक्टिबल शोधा. ते बहुतेकदा रकमेत नसतं, टक्क्यांत असतं. ४ लाख डॉलरचा विमा आणि २ टक्के, म्हणजे पहिले ८ हजार डॉलर तुमच्या खिशातून. कागद काढा, तो आकडा आज बघून घ्या.